वीस वर्षांपूर्वीचा फ्लाइट सिम्युलेटर विंडोज 11 वर का उघडत नाही?

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण पहिल्या वाचनात मीही सीडीच्याच मागं लागलो होतो. तुम्ही चिकोडीहून लिहिलंय ते थोडक्यात असं: बाबा हवाई दलात तांत्रिक कामाला होते, बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या तळावर शिकले, पुढं काही वर्षं डकोटा या जुन्या मालवाहू विमानांवर काम केलं. निवृत्तीनंतर फ्लाइट सिम्युलेटर 2004, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम, रोज तासभर तरी चालवायचे. यंदाच्या पावसाळ्यात त्यांचा जुना कॉम्प्युटर बसला. तुम्ही विंडोज 11 चा नवा लॅपटॉप आणि बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह घेतलात. चारही सीडी नीट चढल्या. पण चिन्हावर डबल क्लिक केलं की क्षणभर गोल फिरतं आणि काहीच होत नाही. कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये (जुन्या विंडोजचं सोंग घ्यायची सोय) एक्सपी, सेवन, सगळं करून झालं. कुणीतरी सांगितलं, सीडी खराब झाल्यात. म्हणून तुम्ही विचारताय की त्याच सीडी नव्या कुठं मिळतील.

नव्या सीडी शोधू नका. चारही सीडी शेवटपर्यंत चढल्या म्हणजे त्या वाचल्या जातायत. ओरखडे पडलेली सीडी चढतानाच रडते. निम्म्यात थांबते, अमुक फाइल सापडत नाही म्हणते, ड्राइव्ह घरघरत राहतो. तुमच्याकडं यातलं काही झालेलं नाही.

मी बेळगावात, शहापूरला, 2001 पासून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. स्वतःला सिम्युलेटरचं वेड त्याच्याही आधीपासूनचं, म्हणून अशी कामं माझ्याकडं जरा जास्तच येतात. त्यात तुमचं दुखणं सगळ्यात नेहमीचं आहे आणि दर वेळी दोष सीडीच्याच माथी येतो.

खरी भानगड कुलपाची आहे. त्या काळात नकली सीडी रोखायला सेफडिस्क नावाचं संरक्षण वापरायचे. मूळ सीडीवर काही खुणा मुद्दाम अशा ठेवलेल्या असत की घरच्या रायटरवर काढलेल्या नकलेत त्या उतरू नयेत. सिम्युलेटर सुरू होताना चौथी सीडी ड्राइव्हमध्ये लागायची ती याच्यासाठी. पण त्या खुणा सिम्युलेटर स्वतः तपासत नव्हता. ते काम विंडोजच्या गाभ्यात बसलेला एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, करायचा. दाराशी राखणदार बसवावा तसं. सिम्युलेटर त्याला विचारायचा, ही सीडी अस्सल का? त्यानं मान हलवली की दार उघडायचं.

हा राखणदारच पुढं धोक्याचा निघाला. 2007 मध्ये त्याच्यात अशी फट सापडली की साध्या खात्यावरून घुसलेल्याला त्याच्या आडून सगळ्या यंत्राचा ताबा घेता यावा. ती बुजवली, पण असल्या जुन्या ड्रायव्हरवर पुन्हा कुणाचा विश्वास बसला नाही. जुलै 2015 मध्ये विंडोज 10 आली ती त्याला वगळूनच, आणि त्याच सप्टेंबरात आलेल्या एका सुरक्षा अपडेटनं व्हिस्टा, 7, 8 आणि 8.1 मध्येही त्याला बंद करून ठेवलं. विंडोज 11 मध्ये तर तो नाहीच. म्हणजे तुमचा सिम्युलेटर सुरू होतो, दाराशी येतो, राखणदाराला हाक मारतो, कुणी ओ देत नाही, आणि तो मुकाट परत जातो. तुम्हाला दिसतं ते एवढंच, की काहीच झालं नाही.

कम्पॅटिबिलिटी मोडचा इथं उपयोग का नाही, तेही यातूनच कळेल. त्या मोडमध्ये विंडोज प्रोग्रॅमला सांगते, "मी एक्सपी आहे." काही जुन्या सवयीही ती पाळते. पण जो ड्रायव्हर यंत्रात नाही, तो नुसतं एक्सपीचं नाव घेतल्यानं येत नाही.

आता तुम्ही नेटवर शोधलंत की दोन उपाय समोर येतील. दोन्हीबद्दल माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिला, सीडी न विचारणारी बदललेली फाइल कुठून तरी उतरवून मूळ फाइलच्या जागी ठेवायची. तुमच्याकडं अस्सल सीडी आहेत, त्यामुळं मोह होणार, समजतं मला. पण ती फाइल कुणी बदलली, आणखी काय घुसवलंय, हे बघायला तुमच्याकडं काही साधन नाही. माझ्याकडं एक दुकानदार असल्याच फाइलपायी आले होते. मुलानं खेळासाठी उतरवली, आणि दोन दिवसांत तीन वर्षांचा हिशेब कुलूपबंद. पैसे मागणारी चिठ्ठी पडद्यावर. तो डेटा मला परत काढता आला नाही. दुसरा उपाय म्हणजे तोच जुना ड्रायव्हर विंडोज 11 मध्ये कोंबायचा. त्यासाठी विंडोजची ड्रायव्हरची सही तपासण्याची व्यवस्था सैल करावी लागते. ज्या लॅपटॉपवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता, त्याच्यावर हे करायला कुणी आणलं तर मी सरळ "आगंगिल्ला" म्हणतो, म्हणजे कन्नडमध्ये "जमणार नाही".

मग करायचं काय? हे दोन-तीन गोष्टींवर ठरतं आणि त्या मला इथं बसून दिसत नाहीत. बाबांना नेमकं काय हवंय? तोच प्रोग्रॅम, तेच पडदे, त्यांचं जुनं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या तासांची वही? की डकोटात बसून उडायचं एवढंच? आणि जुना कॉम्प्युटर "बसला" म्हणजे नेमकं काय झालं?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरू करतो. ज्या यंत्रावर सिम्युलेटर इतकी वर्षं चालला, ते यंत्र म्हणजेच त्या प्रोग्रॅमचं घर. ते दुरुस्त होणार असेल तर त्याच्याइतकं स्वस्त आणि बिनभानगडीचं दुसरं काही नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात जुने कॉम्प्युटर बसतात ते बहुतेक ओलीनं, नाहीतर लाईट जाऊन-येऊन. जून ते सप्टेंबर माझ्या बाकावर जी डबडी येतात, त्यातली निम्मी मेलेली नसतातच.

बटण दाबून बघा. पंखाच फिरत नसेल तर संशय पॉवर सप्लायवर. तो बदलून मिळतो. पंखा फिरतो पण पडदा काळा आणि बीप-बीप असा आवाज येत असेल, तर रॅम काढून तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरानं हलके पुसा, कोरड्या कापडानं झटका आणि टिच् आवाज येईपर्यंत परत बसवा. आधी वायर भिंतीतून काढायची, एवढं मात्र विसरू नका. सुरू होऊन 'तारीख चुकली' म्हणून थांबत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. सीआर 2032 म्हणून मागा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. झाकण उघडल्यावर मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांची डोकी फुगलेली दिसली, तर मात्र ते काम डाग देणाऱ्या, म्हणजे सोल्डरिंग करणाऱ्या माणसाचं. आणि हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी थोडं आणखी जातं.

डिस्कवरून आठवलं. काही करायच्या आधी तिच्यातला बाबांचा डेटा काढून घ्या. डिस्क यूएसबीला जोडायचा कन्व्हर्टर कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात असतो. 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये 'फ्लाइट सिम्युलेटर फाइल्स' नावाचं फोल्डर असेल. साठवून ठेवलेली उड्डाणं त्यात असतात. त्याच्याबरोबर अख्खं 'डॉक्युमेंट्स' आणि सिम्युलेटरचं फोल्डरही उचला, म्हणजे नंतर हळहळ नको. माणसानं वीस वर्षं तास मोजून ठेवलेले असतात. मागच्या वर्षी खानापूरहून आलेल्या एका काकांचा सगळा जीव त्यातच अडकला होता. यंत्र फेकून द्या म्हणाले, वही तेवढी वाचवा.

जुनं यंत्र गेलंच असेल, पण बाबांना 2004 चाच सिम्युलेटर हवा असेल, तर एखादा जुना कॉम्प्युटर विकत घ्या. कार्यालयांतून बाहेर पडलेली कोअर टू ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरची डबडी बेळगावात आणि निपाणीतही मिळतात, आणि या सिम्युलेटरला ती रग्गड होतात. तो जुलै 2003 मध्ये बाजारात आला. त्या काळातल्या कुठल्याही घरच्या यंत्रापेक्षा हे डबडं जोरात पळतं. एक्सपी असेल तर राखणदार जागेवरच असतो. विंडोज 7 असेल तर तो बहुधा आहे पण झोपवलेला, त्या 2015 च्या अपडेटनं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांडच्या खिडकीत एक ओळ देऊन त्याला तेवढ्यापुरतं उठवता येतं, आणि खेळून झालं की परत झोपवता येतं. तुमच्या भागातल्या दुरुस्तीवाल्याला "सेफडिस्कचा ड्रायव्हर सर्व्हिस म्हणून सुरू करून द्या" म्हणून सांगा. त्याला कळलं नाही तर दुसरा बघा.

एक्सपी नव्यानं टाकायची वेळ आली तर एक खाचखळगा. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, डिस्कचा मोड एएचसीआय (डिस्क जोडायची नवी पद्धत) असेल तर एक्सपीचं इन्स्टॉलेशन निळ्या पडद्यावर आपटतं. तिथं जाऊन मोड आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा, करायचा. यासाठी अर्धा दिवस घालवलेली माणसं मी बघितलीयत. त्यात मीही एक.

पण एक अट: हे यंत्र नेटला जोडायचं नाही. केबल नाही, वायफायचा डोंगल नाही. एक्सपीला अपडेट मिळणं 8 एप्रिल 2014 ला थांबलं, विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 ला. नेटशिवाय एका कोपऱ्यात, फक्त विमानासाठी ठेवलं तर त्याला काय होतंय? त्याच्यावर मेल आणि बँक सुरू केलीत तर मग मी जबाबदार नाही.

आता दुसरा रस्ता, नव्या लॅपटॉपवरचा. बाबांना डकोटा हवी असेल आणि प्रोग्रॅम थोडा वेगळा चालणार असेल, तर 2004 नंतरचा त्याच घरचा सिम्युलेटर आहे, फ्लाइट सिम्युलेटर एक्स. तो मुळात ऑक्टोबर 2006 चा. पण डिसेंबर 2014 मध्ये त्याची स्टीमवरून (नेटवरचं खेळांचं दुकान) उतरवायची आवृत्ती आली, आणि तिला सीडीही नको, राखणदारही नको. मी ती विंडोज 10 आणि 11 या दोन्हींवर बसवून दिलीय. त्यात डीसी-3 आहे, आणि डकोटा म्हणजे डीसी-3 चंच लष्करी रूप, हे मी तुमच्या बाबांना सांगायला नको. उलट तेच मला चार गोष्टी सांगतील. (एक गंमत: राइट बंधू 17 डिसेंबर 1903 ला उडाले, आणि डीसी-3 चं पहिलं उड्डाण 17 डिसेंबर 1935 चं.) जातं काय, तर 2004 च्या आवृत्तीतली, विमानउड्डाणाच्या शताब्दीसाठी दिलेली जुनी विमानं: राइट फ्लायर, लिंडबर्गचं स्पिरिट ऑफ सेंट लुइस, फोर्डचं तीन इंजिनांचं. बाबांचा जीव त्यांच्यात असेल तर वर सांगितलेला जुन्या यंत्राचाच रस्ता धरा.

स्टीमवर पैसे भरण्याआधी लॅपटॉपकडं बघून घ्या. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टम' आणि त्यात 'अबाउट' उघडा. विंडोजच्या नावात 'एस मोड' असेल तर बाहेरचा कुठलाच प्रोग्रॅम चढणार नाही. त्यातून बाहेर पडता येतं, फुकट, पण परत जाता येत नाही. तुमच्या सीडी चढल्या म्हणजे तुमच्याकडं तो नसावा. दुसरं कुणी वाचत असेल त्याच्यासाठी सांगितलं. प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा असेल तर ठीक. स्नॅपड्रॅगन लिहिलेलं दिसलं तर आधी मला विचारा, मग पैसे भरा.

आणखी एक, आपल्याच भागातलं. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना कुणी वापरकर्त्याचं नाव कन्नडमध्ये किंवा देवनागरीत टाकलं असेल, तर त्या नावाचंच फोल्डर बनतं, आणि जुन्या प्रोग्रॅमना, विशेषतः त्यांत वरून घालायच्या जादा विमानांच्या इन्स्टॉलरना, ती अक्षरं वाचता येत नाहीत. मग ते कसलीही चमत्कारिक चूक दाखवतात आणि माणूस भलतीकडंच शोधत बसतो. मागं एकाच्या लॅपटॉपवर हेच शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. नंतर नाव बदललं तरी फोल्डर जुनंच राहतं. त्यामुळं सरळ रोमन अक्षरातलं वेगळं खातं उघडा आणि विमान तिथंच बसवा.

बसवतानाही 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये बसवू नका. त्या फोल्डरवर विंडोजचा पहारा कडक असतो. जुना प्रोग्रॅम तिथं आपल्या सेटिंगची फाइल लिहायला गेला की विंडोज ती गुपचूप दुसरीकडं वळवते. मग तुम्ही एक फाइल बदलता आणि प्रोग्रॅम दुसरीच वाचतो. स्टीमला 'डी' ड्राइव्हवर नाहीतर थेट 'सी' खाली वेगळं फोल्डर दाखवा. वीस वर्षांपूर्वीच्या सिम्युलेटरलाही हाच नियम.

चालू झाल्यावर काय त्रास होईल ते सांगतो. पहिला त्रास मंदपणाचा. नवा लॅपटॉप, आठ कोअर, मग विमान धक्के खात का चालतंय? कारण हा प्रोग्रॅम ज्या काळात लिहिला, तेव्हा सगळा भार एकाच कोअरवर टाकायची पद्धत होती. बाकीचे कोअर जमिनीची चित्रं भरण्याएवढी मदत करतात. त्यामुळं सेटिंग सगळी उजव्या टोकाला ओढू नका. फ्रेमची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा 30 वर बांधा, रस्त्यावरच्या गाड्या आणि विमानतळावरची इतर विमानं कमी करा, झाडं-घरं मध्यम ठेवा. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर 'डिस्प्ले'मधल्या 'ग्राफिक्स'मध्ये जाऊन या प्रोग्रॅमला ताकदवान चिप नेमून द्या. नाहीतर विंडोज त्याला जुनाट समजून साध्या चिपवर टाकते. चार्जर लावूनच उडा. बॅटरीवर लॅपटॉप हात आखडतो.

दुसरा त्रास मेमरीचा. सोळा जीबी रॅम आहे तरी मेमरी संपली म्हणून बंद पडतो, असं लोक म्हणतात. हा 32 बिटचा प्रोग्रॅम आहे. विहीर कितीही भरलेली असो, याची घागर चार जीबीचीच. भारी विमानं, भारी देखावे, लांबचं उड्डाण, असं सगळं एकत्र आलं की घागर भरते. डकोटा घेऊन घाटावर फिरणाऱ्याला हा प्रश्न सहसा येत नाही, पण येऊन बसलाच तर उपाय हाच: देखावे कमी करा.

तिसरा, उजवं क्लिक करून मेनू बरेचदा उघडला की अचानक बंद पडणं. हा जुना आणि प्रसिद्ध दोष आहे. बंद पडल्यावर विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये जाऊन कुठल्या फाइलनं घात केला ते बघा. तिथं 'यूआयऑटोमेशनकोअर' दिसलं तर व्हिस्टाच्या काळातली त्याच नावाची 32 बिटची फाइल सिम्युलेटरच्या फोल्डरमध्ये ठेवली की थांबतं. ती फाइल खऱ्या व्हिस्टाच्या यंत्रातूनच घ्यायची. फाइली वाटणाऱ्या साइटवरून घेतलीत तर मघाच्या दुकानदाराची गोष्ट आठवा. तोवर मेनू पट्टीतून उघडायची सवय लावा, निम्मा त्रास तेवढ्यानंच जातो.

आता हाताचं बघू. यंत्र दुरुस्त झालं, प्रोग्रॅम चालू झाला आणि बाबा म्हणाले "विमान ऐकत नाही", तर दोष बहुतेक इथं असतो. बाबांची बोटं जुन्या कीबोर्डवर बसलेली. तिथं विमान वळवायला उजवीकडचे आकडे, 4, 6, 8, 2, आणि शेपटीचं सुकाणू 0 आणि एंटरवर. बऱ्याच लॅपटॉपना ते आकडेच नसतात. यूएसबीचा साधा पूर्ण कीबोर्ड लावून द्या, भांडण मिटतं. थ्रॉटल एफ1 ते एफ4 वर: एफ1 दाबलं की बंद, एफ4 म्हणजे पूर्ण. नव्या लॅपटॉपवर त्याच बटणांवर आवाज आणि उजेड बसवलेला असतो. धावपट्टीवर एफ4 दाबावं आणि इंजिनाऐवजी पडदा उजळावा, असं होतं. एफएन लॉक लावा, म्हणजे ती बटणं पुन्हा एफ1, एफ2 अशीच चालतात, किंवा त्या बाहेरच्या कीबोर्डवरूनच दाबा.

जॉयस्टिकचं तुम्ही एका वाक्यात लिहिलंय, "ती पण जुनीच आहे." किती जुनी? तिची पिन रुंद आणि पंधरा काड्यांची असेल तर ती गेमपोर्टची. त्या पोर्टला विंडोजनं व्हिस्टापासूनच राम राम केलाय. बाजारात कन्व्हर्टर मिळतात, काही चालतात, काही नाही. मी त्यावर पैसे घालवायला सांगत नाही. जुन्या यंत्रावर मात्र ती चालायची तशीच चालेल. यूएसबीची असेल तर विंडोज 11 ओळखतं. मध्येच मरत असेल, म्हणजे उडताना पाच-दहा मिनिटांनी हात हलवला आणि काहीच झालं नाही असं, तर विंडोज वीज वाचवायला त्या पोर्टला झोपवतंय. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये यूएसबी रूट हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली वीज वाचवण्याची खूण काढा. आणि थ्रॉटल आपोआप वर-खाली व्हायला लागला तर भूत नाही. दोन उपकरणांना एकच काम नेमलंय, एकाचं काढा.

आणखी दोन नावं कुणीतरी सुचवेलच, म्हणून पटकन. ऑगस्ट 2020 मध्ये आलेला नवा फ्लाइट सिम्युलेटर देखणा आहे, खरी जमीन दाखवतो, आणि 2022 च्या चाळीसाव्या वर्षाच्या आवृत्तीत त्यात डीसी-3 पण आलं. पण त्याला ताकदवान ग्राफिक्स आणि दणकट नेट लागतं. साध्या घरगुती लॅपटॉपवर त्याच्या वाटेला जाऊ नका. दुसरा फ्लाइटगिअर: फुकट, कायदेशीर, आणि त्यालाही डीसी-3 मिळतं. दिसायला रुक्ष आहे, बटणं वेगळी आहेत, पण खर्च करायच्या आधी बाबांना नव्या लॅपटॉपवर कितपत रुचतंय ते बघायला उत्तम. मी तर म्हणतो, जुनं यंत्र दुरुस्तीला टाका आणि ते येईपर्यंत हे चालवून बघा.

शेवटी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो, कारण चालू झाल्याबरोबर बाबा सांबराच शोधणार. आज सांबरा विमानतळाचा कोड व्हीओबीएम आहे. जुन्या सिम्युलेटरमध्ये तो टाकून सापडला नाही तर जुना, व्हीएबीएम, टाकून बघा. 2017 मध्ये झालेलं नवं टर्मिनल त्यात दिसणार नाही आणि धावपट्टीही आजच्याएवढी लांब नसेल. बाबांच्या आठवणीतला सांबरा कदाचित त्यालाच जास्त जुळेल. तिथून गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर जायला सांगा. धावपट्टी 26 वरून उठायचं आणि थोडं डावीकडं, होकायंत्रावर 240 अंशांच्या आसपास नाक धरायचं. सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, डकोटाला अर्धा तासही लागत नाही. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर, म्हणून उठल्यावर लगेच घाट ओलांडण्याएवढी उंची घ्यायची, आणि खानापूरचा भाग मागं टाकून घाटाचा कडा तुटला की खाली यायला सुरुवात. तिथं उशीर केला तर दाबोळीला पोचेपर्यंत खूप उंच राहतो आणि गोल फिरत बसावं लागतं. माझं पहिल्यांदा तेच झालं होतं. गोव्यातलंच मोपा मात्र शोधू देऊ नका. तो विमानतळ सुरू झाला जानेवारी 2023 मध्ये, या सिम्युलेटरांच्या जन्माच्या कितीतरी नंतर.

तर आज दोन गोष्टी करा. जुन्या कॉम्प्युटरचं बटण दाबून पंखा फिरतो का आणि बीप किती वेळा येते ते मोजा. जॉयस्टिकची पिन बघा, चपटी यूएसबीची की रुंद पंधरा काड्यांची. हे इथं लिहा, मग बाबांना आधी कुठल्या यंत्रावर बसवायचं ते सांगतो.